एमवायसीएन वाढलेला न्यूरोब्लास्टोमा: नागपुरात तपासण्या आणि केमो नीट कशी पार पाडावी

मुलाच्या पोटात मूत्रपिंडाच्या वर गाठ, सीटी स्कॅनमध्ये गाठीच्या आत कॅल्शियमचे ठिपके, आणि डॉक्टरांनी ‘न्यूरोब्लास्टोमा असावा’ असं सांगितलेलं. इथून पुढे काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि गाडी कुठे अडते, ते या लेखात आहे. औषधं आणि डोस ठरवणं हे बालकर्करोगतज्ज्ञांचं काम. पण नमुना नेमका कुठे गेला, रिपोर्टात काय यायचं राहिलं, ताप कधी आणि किती होता, पुढची केमो का लांबली, या गोष्टी घरच्यांनाच धरून ठेवाव्या लागतात. या आजारात नुकसान फक्त औषध कमी पडल्याने होत नाही, क्रम चुकल्याने आणि मधे दिवस वाया गेल्यानेही होतं. गाठ झपाट्याने वाढवणारा एमवायसीएन हा जीन वाढलेला असेल तर हे आणखी खरं आहे.

आजार आणि त्यातला हा जीन

हा मेंदूचा कॅन्सर नाही. गर्भात सिंपथेटिक मज्जासंस्था घडवणाऱ्या पेशी पूर्ण वाढ न होता वाढतच राहिल्या की ही गाठ होते. म्हणून ती बहुतेकदा मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत, नाहीतर पाठीच्या कण्यालगत पोटात, छातीत किंवा मानेत सापडते. बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली असतात.

आजार पसरल्यावर जी लक्षणं दिसतात ती फसवी असतात. मूल लंगडतं किंवा चालायचंच सोडतं, कारण हाडं दुखतात. ताप येत-जात राहतो, चेहरा पांढुरका पडतो. डोळ्यांभोवती निळे-काळे वळ उठतात आणि घरचे समजतात, पडलं असेल. संधिवात, टीबी, कुपोषण अशी नावं लागून महिने निघून जातात. पायांतली ताकद अचानक गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर गाठ मज्जारज्जूवर दाबते आहे असं समजा आणि त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात पोहोचा. इथे सकाळची वाट पाहायची नाही.

एमवायसीएन हा दुसऱ्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवरचा जीन. डॉक्टर बोलताना त्याला ‘मिक-एन’ म्हणतात. निरोगी पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. काही गाठींमध्ये त्याच पानाच्या झेरॉक्स निघत राहाव्यात तशा त्याच्या प्रती पन्नास-शंभरावर, कधी त्याहून पुढे जातात. यालाच ॲम्प्लिफिकेशन म्हणतात. या जीनपासून बनणारं प्रथिन पेशीला ‘विभाजन चालू ठेव’ असा हुकूम देणाऱ्या कितीतरी जीन्सना जागं करतं. त्यामुळे गाठ झपाट्याने वाढते. १९८३ मध्ये हा जीन सापडला आणि पुढच्या दोन वर्षांत त्याच्या वाढीचा प्रगत आजाराशी आणि वाईट परिणामाशी असलेला संबंध स्पष्ट झाला. न्यूरोब्लास्टोमाच्या साधारण पाचपैकी एका मुलात तो वाढलेला असतो.

ही वाढ फक्त गाठीच्या पेशींत झालेली असते. आईबापांकडून आलेली नसते, गरोदरपणात काही खाल्ल्या-न खाल्ल्याने होत नाही. भावंडांची ही तपासणी करायचं कारण नाही. घराण्यात चालणारा न्यूरोब्लास्टोमा अगदी विरळा, शंभरात एक-दोन. त्यामागचे जीन्सही वेगळे.

पहिली सुई टोचण्याआधी

विदर्भासाठी ही गोष्ट सगळ्यात आधी सांगतो, कारण ती नंतर दुरुस्त करता येत नाही. मूल पांढरं पडलेलं असतं, हिमोग्लोबिन पाच-सहावर आलेलं असतं, आणि दाखल केल्या केल्या रक्त चढवलं जातं. रक्त चढवण्याआधी सिकलसेलसाठी हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी आणि जी-सिक्स-पीडी (रक्तपेशींतलं एक विकर) या दोन्हींचे नमुने काढून ठेवायला सांगा. दुसऱ्याचं रक्त मिसळलं की पुढचे काही महिने दोन्ही निकालांवर भरवसा ठेवता येत नाही. आपल्या भागात सिकलसेल खूप आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला पांढऱ्या पेशी वाढवण्याचं जी-सीएसएफ इंजेक्शन दिलं तर जिवावरचा क्रायसिस (अचानक येणारा तीव्र झटका) येऊ शकतो, आणि हेच इंजेक्शन केमोत आणि मूळपेशी गोळा करताना लागतं. जी-सिक्स-पीडी कमी असेल तर युरिक ॲसिड उतरवणारं रास्ब्युरिकेज देता येत नाही. त्याने रक्तपेशी फुटतात.

रक्तदाबही मोजून घ्या, लहान मुलाच्या मापाचा पट्टा वापरून. ही गाठ ॲड्रिनॅलिनच्या जातीची रसायनं बनवते, मूत्रपिंडाची धमनीही दाबते, आणि वाढलेला रक्तदाब भूल देताना अडचणीत आणतो.

तिसरी गोष्ट: लिम्फोमाचा संशय आहे म्हणून बायोप्सीआधीच स्टेरॉइड सुरू करू देऊ नका. गाठ लिम्फोमाची निघाली तर स्टेरॉइडने नमुना बिघडलेला असतो. मज्जारज्जूवर दाब असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर थांबणार नाहीत आणि थांबूही नये.

गाठ आधी काढून टाकण्याची घाई

पोटातली गाठ पाहून ‘आधी ऑपरेशन करून मोकळे होऊ’ असं घरच्यांनाही वाटतं आणि कधीकधी सर्जनलाही. मूत्रपिंडाचा विल्म्स ट्यूमर आणि न्यूरोब्लास्टोमा स्कॅनमध्ये एकमेकांसारखे दिसू शकतात. विल्म्स बहुधा मूत्रपिंडाच्या आतूनच वाढतो. न्यूरोब्लास्टोमा मूत्रपिंडाला बाहेरून ढकलतो, मध्यरेषा ओलांडतो, महाधमनीला आणि तिच्या फाट्यांना वेढून बसतो, आणि त्यात कॅल्शियम बऱ्याचदा दिसतं. वाहिन्यांना वेढलेली गाठ पहिल्याच दिवशी काढायला गेलं तर भरपूर रक्त जातं, चांगलं मूत्रपिंड गमवावं लागू शकतं, आणि जखम भरेपर्यंत केमो लांबते. तेवढ्या आठवड्यांत एमवायसीएनवाली गाठ पुन्हा वाढते. अशा मुलात चार-पाच केमो झाल्यावर, गाठ आक्रसल्यावर ऑपरेशन करणंच योग्य. लहान, एकाच जागी असलेली आणि वाहिन्यांपासून मोकळी गाठ मात्र आधी काढतात.

कुठे जायचं? नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, मिहानमधलं एम्स, मानेवाड्याकडचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट अशी मोठी ठिकाणं आहेत. त्यांत निवड करताना चार प्रश्न विचारा. मुलांच्या कॅन्सरचे पूर्णवेळ डॉक्टर आहेत का? बायोप्सीचा नमुना एमवायसीएनसाठी कोण, कुठे पाठवणार? लहान मुलांचं आयसीयू आहे का? आणि मध्यरात्री ताप आला तर थेट वॉर्डात घेतात का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर इमारतीपेक्षा महत्त्वाचं आहे. दुसरं मत घ्यायला परळच्या टाटा रुग्णालयात जायचं असेल तर जरूर जा, पण बायोप्सीचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) सोबत घेऊन जा. नाहीतर तिथे सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

बायोप्सी: नमुना कसा घ्यावा, कसा जपावा

बारीक सुईने पेशी ओढून केलेली एफएनएसी ‘गोल निळ्या पेशींची गाठ’ एवढंच सांगू शकते. जातीचं निदान, पेशींची रचना आणि जीनची तपासणी या तिन्हींसाठी गाठीचे तुकडे लागतात. सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने जाड ट्रूकट सुईने वेगवेगळ्या भागांतून अनेक तुकडे घ्यावे लागतात. गाठीचा मधला भाग मेलेला असतो, तिथला तुकडा कामाचा नाही.

तुकडे ताबडतोब १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवेत, आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या किमान दहापट. साधं, बफर नसलेलं फॉर्मॅलिन आम्लधर्मी होतं आणि डीएनएचे तुकडे करतं. नमुना फॉर्मॅलिनमध्ये सहा तासांपेक्षा कमी राहिला तर नीट मुरत नाही, आठवडाभर पडून राहिला तरी डीएनए खराब होतो. म्हणून शनिवारी संध्याकाळी बायोप्सी आणि सोमवारी सुट्टी, असं जुळू देऊ नका. तुकड्यांचे ठसे काचेवर घेऊन ठेवले तर तीच काच जीन तपासायला वापरता येते, तेवढी विनंती जरूर करा.

बोनमॅरो दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडातून घेतात, पातळ भागही आणि हाडाचा तुकडाही. आजार ठिपक्याठिपक्यांनी पसरतो, त्यामुळे एका बाजूला काही सापडलं नाही म्हणून दुसरी बाजू स्वच्छ धरता येत नाही. हाडाचा तुकडा मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं तर त्यातून एमवायसीएनची तपासणी जवळपास अशक्य होते. त्यासाठी ईडीटीए वापरतात. मॅरोचा पातळ भाग तर थेट तपासता येतो. हे लक्षात ठेवण्याचं कारण असं की मूल भूल सोसण्याच्या स्थितीत नसेल, पण मॅरो गाठीच्या पेशींनी भरलेला असेल आणि लघवीतली रसायनं वाढलेली असतील, तर तेवढ्यावर निदान मान्य होतं. जीनची तपासणीही मॅरोवरच होते. बायोप्सीसाठी अडून बसावं लागत नाही.

नमुना मुंबईला किंवा दुसऱ्या शहरातल्या लॅबला पाठवायचा तर पॅराफिनचा ब्लॉक पाठवतात, सोबत तीन-चार मायक्रॉनचे न रंगवलेले काप, पेशी धरून ठेवणाऱ्या चार्ज्ड स्लाइडवर. साध्या काचेवरचे काप तपासणीत सुटून वाहून जातात. पॅराफिन ५६ ते ६० अंश सेल्सियसला वितळतं. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे ठेवलेला ब्लॉक मऊ पडायला वेळ लागत नाही. थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाच्या पाकिटाला थेट न टेकवता ठेवा, आणि रेल्वेने जात असाल तर हातातल्या पिशवीतच राहू द्या. ब्लॉक नंबर, पाठवल्याची तारीख आणि पावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ‘ब्लॉक सापडत नाही’ हे वाक्य ऐकायची वेळ या फोटोमुळेच टळते.

एमवायसीएनचा रिपोर्ट वाचणं

ही तपासणी बहुधा फिश पद्धतीने होते. एक चमकणारा ठिपका एमवायसीएनवर बसतो, दुसऱ्या रंगाचा ठिपका त्याच दुसऱ्या गुणसूत्राच्या वेगळ्या जागी, तुलनेसाठी. मग ठिपके मोजतात. एमवायसीएनचे ठिपके तुलनेच्या ठिपक्यांच्या चारपटीहून जास्त असतील तर ॲम्प्लिफाइड. एकपटीपेक्षा जास्त पण चारपटीच्या आत असतील तर ‘गेन’, म्हणजे थोडी वाढ. उपचाराच्या दृष्टीने गेन म्हणजे ॲम्प्लिफिकेशन नव्हे.

इथे एक गल्लत फार होते. रिपोर्टात ‘एमवायसीएनचे ४ ठिपके’ लिहिलेलं वाचून घरच्यांचं काळीज हलतं. पण तुलनेचेही ४ ठिपके असतील तर गुणोत्तर १ आलं, म्हणजे अख्खं गुणसूत्रच जास्त वेळा आहे, जीन वाढलेला नाही. लहान बाळांत असं चित्र बरेचदा चांगलं लक्षण असतं. नुसता आकडा वाचू नका, गुणोत्तर वाचा.

रिपोर्टात आणखी काय असावं: किती पेशी मोजल्या, नमुन्यात गाठीच्या पेशींचं प्रमाण किती होतं, आणि वाढ सगळ्या पेशींत होती की काही भागात. गाठीच्या पेशी कमी असतील तर ‘वाढलेला नाही’ हा निकाल खोटाही असू शकतो. तो अर्धवट मानून दुसऱ्या तुकड्यावर तपासणी मागावी. रक्तातलं एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं विकर) हजारांत, गाठ आठवड्यात दिसेल इतकी वाढलेली, आणि फिश मात्र ‘नॉर्मल’, असं असेल तर डॉक्टरांना थेट विचारा की नमुना पुरेसा होता का.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात फिशशिवाय रचना अनुकूल की प्रतिकूल, आणि एमकेआय म्हणजे विभाजन होणाऱ्या व फुटणाऱ्या पेशींचं प्रमाण असतं: २ टक्क्यांखाली कमी, २ ते ४ मध्यम, ४ च्या वर जास्त. ११क्यू, १पी (अकराव्या आणि पहिल्या गुणसूत्राच्या बाजू) यांतले गळालेले भाग आणि एएलके जीनमधला बदल यांची तपासणी होत असेल तर तीही करून घ्यावी. एएलकेवर चालणाऱ्या गोळ्या आहेत.

एमवायसीएन वाढलेला असेल तर थेट काय बदलतं? वय आणि पसरण्याची पातळी काहीही असो, मूल जवळजवळ नेहमी उच्च जोखमीच्या गटात जातं. सहा महिन्यांच्या बाळाचा आजार, जो एरवी नुसत्या देखरेखीवर विरून गेला असता, त्यालाही पूर्ण तीव्र उपचार लागतात. अपवाद म्हणजे एकाच जागची, पूर्ण निघालेली छोटी गाठ. तिचा निर्णय वेगळा होतो. निकाल यायला दिवस लागतात, पण मूल खालावत असेल तर पहिली केमो त्यासाठी थांबवू नये.

बाकीच्या तपासण्यांतल्या दोन खोचा

लघवीतली व्हीएमए आणि एचव्हीए (गाठीच्या रसायनांचे अवशेष): लॅब जो डबा देते त्यात आम्ल असतं. मुलाला थेट त्यात लघवी करायला लावू नका, कातडी भाजते. स्वच्छ वाटीत घेऊन ओता, डबा फॉइलमध्ये गुंडाळा. एमवायसीएनवाल्या गाठीत ही रसायनं कमी किंवा नॉर्मलही येतात. त्यावरून आजार नाही असं ठरत नाही.

एमआयबीजी स्कॅन, म्हणजे गाठीच्या पेशी ओढून घेतात असं किरणोत्सारी औषध देऊन काढलेला स्कॅन: त्याआधी सर्दी-खोकल्याची औषधं बंद. स्यूडोएफेड्रीन, फिनाइलेफ्रिन असलेली सिरपं गाठीला एमआयबीजी ओढून घेऊ देत नाहीत आणि स्कॅन खोटा स्वच्छ दिसतो. आपल्याकडे ही सिरपं घरोघरी असतात, म्हणून बाटलीवरची नावं वाचून डॉक्टरांना सांगा. थायरॉइड वाचवायला आयोडीनचे थेंब आदल्या दिवसापासून देतात आणि सांगितलेले सगळे दिवस पुरे करायचे असतात. जिथे एमआयबीजी मिळत नाही तिथे डोटाटेट किंवा एफडीजी पेट स्कॅन करतात. कोणताही करा, पण उपचाराआधी आणि नंतर एकच प्रकार ठेवा, नाहीतर तुलना होत नाही.

केमो: वेळापत्रक आणि त्याचं कारण

केमोच्या पहिल्या दिवशी प्रोटोकॉलचं नाव लिहून मागा. जगभर तीन तऱ्हा जास्त दिसतात. ‘रॅपिड कोजेक’मध्ये दर १० दिवसांनी एक याप्रमाणे ८ फेऱ्या होतात. त्यात व्हिन्क्रिस्टीन, कार्बोप्लॅटिन, इटोपोसाइड, सिस्प्लॅटिन आणि सायक्लोफॉस्फमाइड अदलून-बदलून येतात, आणि मूल बरं असेल तर पेशींचे आकडे वर येण्याची वाट पाहत नाहीत. अमेरिकी पद्धतीत साधारण २१ दिवसांच्या ५ फेऱ्या असतात: पहिल्या दोन टोपोटेकॅन-सायक्लोफॉस्फमाइडच्या, मग सिस्प्लॅटिन-इटोपोसाइड आणि डॉक्सोरुबिसिनवाली. तिथे पुढची फेरी न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ७५० आणि प्लेटलेट ७५,००० च्या आसपास आल्यावर सुरू करतात. भारतात काही ठिकाणी २१ दिवसांचं ‘ओपेक-ओजेक’ देतात.

एमवायसीएनवाली गाठ पहिल्या केमोला बहुधा चटकन वितळते. पोट मऊ होतं, मूल खेळायला लागतं, आणि इथेच घात होतो. ‘बरं झालंय, गावी लग्न आहे, पुढची केमो पंधरा दिवसांनी घेऊ.’ उरलेल्या पेशींची वाढीची गती तीच असते, आणि मोकळा वेळ मिळाला की औषधाला दाद न देणाऱ्या पेशी पुढे येतात. तारखा पाळणं हा उपचाराचाच भाग आहे. फेरी लांबवावीच लागली तर कारण आणि नवी तारीख फाइलवर लिहून घ्या.

गाठ चटकन वितळण्याचा पहिला धोका ट्यूमर लायसिस. पेशी एकदम फुटल्याने पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड रक्तात उसळतं. म्हणून पहिल्या फेरीआधी पोटॅशियम नसलेलं सलाइन भरपूर देतात, दर चौरस मीटरला दिवसाला ३ लिटरच्या आसपास, आणि ॲलोप्युरिनॉल सुरू असतं. या दोन-तीन दिवसांत मुलाला नारळपाणी आणि फळांचे रस देऊ नका, त्यांत पोटॅशियम असतं. लघवी किती झाली ते वहीत लिहा. डायपर वापरत असाल तर कोरड्या डायपरचं वजन वजा करा.

डोस शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो. सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोतलं वजन, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. ८५ सेंमी आणि ११ किलोच्या मुलाचं उत्तर येतं ०.५१ चौरस मीटर. बारा किलोखालच्या मुलांत बरीच औषधं वजनावर देतात, नाहीतर डोस जास्त होतो. म्हणून प्रत्येक फेरीआधी वजन-उंची त्याच दिवशी, त्याच काट्यावर घ्या. गेल्या महिन्याचं वजन चालत नाही.

कोणतं औषध काय करतं

सिस्प्लॅटिन: कान आणि मूत्रपिंड. दर फेरीआधी ऐकण्याची तपासणी, लहान मुलांत बेरा किंवा ओएई, ज्यांत मुलाला उत्तर द्यावं लागत नाही. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, आणि दोन वर्षांच्या मुलाला ते सांगता येत नाही. मॅग्नेशियम घसरतं, म्हणून त्याची रक्ततपासणी. आणि हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा: ‘सिस्प्लॅटिन चालू, अमिकासिन-जेंटामायसिन शक्यतो टाळा.’ तापात ही अँटिबायोटिकं आपल्याकडे सर्रास देतात आणि तीही कान-मूत्रपिंडच धरतात. उलट्या पहिल्या दिवशीच संपत नाहीत, चार-पाच दिवस चालतात. उलटीचं औषध तेवढे दिवस घरी चालू ठेवा.

सायक्लोफॉस्फमाइड: मूत्राशयाला जखम. मेस्ना (मूत्राशय वाचवणारं औषध) आणि सलाइन सोबत असतं. मुलाला रात्रीही दर दोन तासांनी लघवीला उठवा. लघवी लाल दिसली तर लगेच सांगा. डॉक्सोरुबिसिनने मात्र पहिल्या एक-दोन दिवसांत लघवी औषधाच्याच रंगाने लाल होते, त्याला घाबरू नका. डॉक्सोरुबिसिनच्या आधी हृदयाचा इको हवा.

व्हिन्क्रिस्टीन: बद्धकोष्ठ, जबडा दुखणं, पाऊल लोंबणं, पापणी खाली येणं. लॅक्टुलोज आधीपासूनच सुरू ठेवा. बुरशीसाठी दिल्या जाणाऱ्या इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल यांच्यासोबत व्हिन्क्रिस्टीनचा नसांवरचा परिणाम धोकादायक वाढतो. ही दोन नावं एकाच कागदावर दिसली तर विचारा. हे औषध फक्त शिरेतून देतात, पाठीच्या पाण्यात गेलं तर जीव जातो.

इटोपोसाइड फार वेगाने गेलं तर रक्तदाब पडतो. सलाइन लवकर संपावं म्हणून थेंब वाढवू नका.

हाताच्या शिरेतून दिलेलं व्हिन्क्रिस्टीन किंवा डॉक्सोरुबिसिन बाहेर झिरपलं तर मांस सडतं. पोर्ट किंवा पिक लाइन (मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) लवकर बसवून घेणं हाच त्यावर उपाय. केमोनंतर ४८ तास डायपर आणि उलटी हातमोजे घालूनच साफ करा, आणि घरातल्या गरोदर बाईला ते काम देऊ नका.

ताप

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. एकदा १०१ अंश फॅरेनहाइट, किंवा तासभर १००.४ च्या वर, म्हणजे ताप. नागपूरच्या उन्हातून आलेल्या मुलाला दहा मिनिटं सावलीत बसवून पुन्हा मोजा, पण ‘उन्हाचा असेल’ म्हणून सोडू नका. काखेत मोजा, गुदद्वारातून कधीच नाही, सपोझिटरी आणि एनिमाही नाही. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप झाकू नका. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकची पहिली मात्रा शिरेतून गेली पाहिजे. रिपोर्टची वाट पाहत नाहीत.

न्यूट्रोफिलचा आकडा स्वतः काढता येतो: एकूण पांढऱ्या पेशी १,८०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, तर ३६०. पाचशेच्या खाली धोका जास्त. गडचिरोलीतल्या अहेरी किंवा भामरागडच्या मुलाला तासात नागपूर गाठणं शक्य नाही. म्हणून सुट्टी देतानाच डॉक्टरांकडून एक पत्र घ्या: निदान, शेवटच्या केमोची तारीख, कोणती लाइन आहे, कोणतं अँटिबायोटिक किती मात्रेत, आणि फोन कुणाला करायचा. ते पत्र दाखवून जवळच्या जिल्हा रुग्णालयात पहिली मात्रा घ्या, मग निघा.

घरी पाणी उकळून, जेवण ताजं आणि गरम. संत्रं चालतं, सालासकट धुऊन घरी सोललेलं. रसवंतीचा रस, बर्फाचा गोळा आणि कापून ठेवलेलं कलिंगड नाही. कूलरच्या ओल्या ताट्यांत बुरशी धरते. पेशी कमी असताना मुलाला कूलरच्या थेट झोतात झोपवू नका, आणि ताट्या हंगामाच्या सुरुवातीला नव्या घाला. आठवड्यातून दोन-तीन दिवस दिलं जाणारं को-ट्रायमॉक्साझोल फुप्फुसाचा एक विशिष्ट संसर्ग टाळतं, ते बरं वाटतंय म्हणून बंद करू नका.

मुलाला पोलिओचे थेंब, गोवर-रुबेलासारख्या जिवंत लसी केमोत देत नाहीत. भावंडांनाही तोंडावाटेच्या थेंबांऐवजी इंजेक्शनची पोलिओ लस द्यावी. आशाताई घरी आल्या तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा. रक्त देताना आईबाप-काकामामांचं रक्त थेट मुलाला नको, रक्तपेढीत बदली म्हणून द्या. नात्यातलं रक्त किरणोत्सार केल्याशिवाय चढवलं तर त्यातल्या पेशी मुलावरच उलटू शकतात.

केमोच्या पुढे, आणि पैशांचं

उच्च जोखमीत केमो हा पहिला टप्पा. मग ऑपरेशन, स्वतःच्याच मूळपेशी परत देऊन केलेली तीव्र केमो, गाठीच्या जागी रेडिएशन, आयसोट्रेटिनॉइन आणि जमलं तर इम्युनोथेरपी. सगळे टप्पे पूर्ण होतात अशा देशांत उच्च जोखमीची साधारण निम्मी मुलं दीर्घकाळ जगतात. मूळपेशी केमोच्या मधल्या टप्प्यात गोळा करतात, म्हणून प्रत्यारोपण कुठे होणार हे दुसऱ्या फेरीलाच ठरवा. इम्युनोथेरपीतलं डायनुटक्सिमॅब अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालं, पण महाग आहे. मिळण्याची शक्यता उपचार सुरू होतानाच विचारा. एमवायसीएन ज्या वाटेने पेशी वाढवतो त्यातलं एक विकर रोखणारं डीएफएमओ डिसेंबर २०२३ मध्ये तिथे मंजूर झालं.

दाखल झाल्याच्या दिवशीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारतसाठी रेशनकार्ड, आधार आणि मुलाचा जन्मदाखला लागतो. नाव-जन्मतारखेतला फरक आधी दुरुस्त करा, मंजुरी तिथेच अडकते. योजनेत कोणता टप्पा बसतो आणि कोणता नाही, हे आरोग्यमित्राकडून कागदावर घ्या. मुंबईला जाताना कॅन्सर रुग्णांना रेल्वेच्या तिकिटात सवलत आहे, त्याचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून मिळतो.

आयसोट्रेटिनॉइन हे मुरुमांवरचं औषध म्हणून दुकानात मिळतं, पण इथे डोस कितीतरी मोठा असतो: दर चौरस मीटरला दिवसाला १६० मि.ग्रॅ., दोन भागांत, १४ दिवस चालू आणि १४ दिवस बंद, अशा ६ फेऱ्या. १२ किलोखाली दर किलोला ५.३३ मि.ग्रॅ., म्हणजे ११ किलोच्या मुलाला दिवसाला साधारण ५९ मि.ग्रॅ. कॅप्सूल कोमट दुधात दोन-तीन मिनिटं मऊ करा, टोक कापा, आतलं तेल चमच्यात पिळा आणि तूप किंवा शेंगदाण्याच्या लोण्यासोबत लगेच द्या. स्निग्ध पदार्थाशिवाय ते अंगी लागत नाही आणि उजेडात खराब होतं. गरोदर किंवा दिवस राहू शकतील अशा बाईने ते हातमोज्यांशिवाय हाताळू नये. ओठ फाटतात, कातडी उन्हात भाजते, ट्रायग्लिसराइड वाढतात. आणि हे औषध चालू असताना अंगणवाडीत दर सहा महिन्यांनी मिळणारा अ जीवनसत्त्वाचा डोस मुलाला देऊ नका. दोन्ही एकाच जातीची असल्याने विषबाधा होते. मुलाच्या लसीकरण कार्डावर हे डॉक्टरांकडून लिहून आणि सही घेऊन ठेवा, म्हणजे मूल आजीकडे असलं तरी कुणी चुकून पाजणार नाही.